नांगर आणि नमस्कार

औंध संस्थानाचा नकाशा पाहिला की फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तशी त्याची गावं इकडेतिकडे पडलेली दिसतात. राजधानी औंध खटावच्या मुलखात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मध्ये कुठे इंग्रजांचा जिल्हा, कुठे दुसऱ्याच संस्थानिकाची हद्द. सगळं मिळून ५०१ चौरस मैल, ७२ गावं आणि १९३०च्या सुमारास पाऊण लाख माणसं. राजधानीला रेल्वे नाही. गाडीने यायचं तर रहिमतपूरला उतरायचं आणि पुढचा रस्ता धरायचा.

या एवढ्याशा राज्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत दोन गोष्टी बाहेर पडल्या: लोखंडी नांगर आणि दहा अवस्थांचा सूर्यनमस्कार. दोन्ही इतक्या सर्रास झाल्या की त्या कुठून आल्या हे विचारायचं कुणाला सुचतही नाही. यातली एकही गोष्ट औंधात जन्मली नाही. लोखंडी नांगर विलायतेत आणि अमेरिकेत आधीपासून होता, आणि सूर्याला नमस्कार तर आपल्याकडे किती पिढ्या घातले जात होते याचा हिशेब नाही. औंधात जे घडलं ते वेगळं होतं. एखादी वस्तू किंवा रीत कुणीही, कुठेही, तशीच्या तशी करू शकेल अशा रूपात तिथे बसवली गेली. माझ्या मते शोध लावण्यापेक्षा हे काम अवघड असतं. त्यात चमक नाही आणि चिकाटी मात्र फार लागते.

४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. वय एक्केचाळीस, पदवीधर, हाताने उत्तम चित्रं काढणारे, कीर्तनाचा नाद असलेले. त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा चाळिशीतला कारखानदार अडचणीत होता. लक्ष्मणराव मूळचे गुर्लहोसूरचे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंग सुटले, रेषा उरली. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा दिली म्हणून नोकरी सोडली आणि भाऊ रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचं दुकान पुढे चालवलं. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे पडत. त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर नांगर. हे सारं रुळतंय तोच नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी नेमकी त्यांच्याच कारखान्याची जागा हवी झाली.

औंधच्या देवळातल्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणराव आणि बाळासाहेब यांचा परिचय होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन देऊ केली, वर १०,००० रुपये बिनव्याजी. जमीन म्हणजे काय, निवडुंग आणि साप! पण शेजारून रेल्वेचा रूळ जात होता. नवा राजा दूरदृष्टीचा होता असं सगळेच लिहितात. मला त्याचा व्यवहारीपणा जास्त जाणवतो. राजधानीच्या आसपास जागा देऊन राजाची शान वाढली असती, पण तिथून नांगर बाहेर कसे गेले असते? १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली.

आता नांगर. लक्ष्मणरावांना पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली ही हकिकत सगळीकडे सांगितली जाते. लोखंडाने जमीन नासते, तिला विष होतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असंही त्याच्या जोडीला येतं. ही हकिकत कारखान्याच्या बाजूने सांगितलेली आहे. शेतकऱ्याच्या बाजूने कुणी लिहिलंच नाही, म्हणून थोडं त्याच्या बांधावर जाऊन पाहू.

त्याच्याकडे जो नांगर होता तो बाभळीचा. गावच्या सुताराने केलेला, त्याच्या जमिनीला, त्याच्या बैलांना आणि त्याच्या स्वतःच्या उंचीला बेतलेला. इसाड मोडलं, रुमणं निखळलं की सुताराकडे टाकायचं. पैसे द्यायचे नाहीत, सुगीला बलुतं घालायचं. फाळ बोथट झाला की लोहाराकडून शेवटून आणायचा. लोहार तो भट्टीत तापवायचा, ऐरणीवर ठोकायचा, टोक पुन्हा लांबवायचा, झाला फाळ नवा. या सगळ्या व्यवहारात रोकड कुठेच नव्हती आणि दुरुस्ती हाकेच्या अंतरावर होती. तिथे कुणी येऊन सांगणार की हा बिडाचा नांगर घे, रोख पैसे मोज, आणि मोडला तर दूरच्या कारखान्यातून भाग मागव. नाही म्हणायला अडाणी असण्याची गरज नाही, हिशेबी असणं पुरेसं आहे.

बिडाचा फाळ लोहाराला शेवटता येत नाही. बीड ठोकलं की वाकत नाही, तडकतं. फाळाची धार टिकावी म्हणून तर ते ओतताना मुद्दाम अधिक कडक केलं जातं: साच्याचा जो भाग धारेला लागतो तिथे वाळूऐवजी धातू ठेवायचा. रस त्याला टेकताच झटकन थंड होतो आणि तेवढाच पृष्ठभाग काचेसारखा टणक बनतो. कारखान्यात याला ‘चिल’ करणं म्हणतात. असा फाळ झिजला की दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आणि बदलायचा तर नवा फाळ जुन्या नांगराच्या बुडावर बोल्टची भोकं जुळून अचूक बसला पाहिजे. आज विकलेल्या नांगराला पाच वर्षांनी मागवलेला फाळ बसायला हवा, साताऱ्यात घेतलेला भाग सोलापूरच्या नांगरालाही चालायला हवा. सुताराने केलेले दोन नांगर कधीच सारखे नसत आणि तशी गरजही नव्हती. किर्लोस्करवाडीच्या नांगराला मात्र सारखेपणावाचून गत्यंतर नव्हतं.

इथे यांत्रिक ड्रॉइंगच्या मास्तरांची विद्या कामाला आली. कागदावर मापाचं चित्र, त्यावरून लाकडी पॅटर्न, पॅटर्नवरून वाळूचा साचा, साच्यात ओतलेला रस. पॅटर्न करायला अर्थात सुतारच लागे. बलुत्यावरचा सुतार एकेक नांगर घडवायचा, पॅटर्नवरचा सुतार एकदाच घडवायचा आणि त्यावरून शेकडो निघायचे. खेड्यातल्या कारागिराचं यात काय गेलं याचाही जमाखर्च कुणी तरी मांडायला हवा. लोखंडी नांगर जसा पसरला तसं सुताराच्या बलुत्यातलं एक मोठं काम कमी झालं. प्रगतीच्या गोष्टींत हे वाक्य सहसा येत नाही.

मग नांगर खपला कसा? मुख्य म्हणजे जमिनीनेच साक्ष दिली. काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा माजला की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो, मुळ्या खाली शाबूत. लोखंडी नांगराचा फाळ खोल घुसतो आणि त्याचा वाकडा पंख माती उचलून पालथी घालतो. खालचं वर, वरचं खाली. उन्हाळ्यात मुळ्या उघड्यावर वाळून जातात. शेजाऱ्याच्या रानातली हरळी गेलेली दिसली की जाहिरातीची गरज उरत नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढत होता, उसाला खोल नांगरट हवी होती आणि गुऱ्हाळाला चरक हवे होते. किर्लोस्करवाडीत दोन्ही होत असे. पहिल्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला. कोळसा आणि लोखंड मिळवताना कारखान्याच्याही तोंडाला फेस आला, पण गिऱ्हाईकाला आता दुसरीकडे बघायची सोय राहिली नव्हती.

तरी उरलेलं काम शब्दांनी केलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे वाचकांचे ‘शंवाकि’, हे चित्रकार आणि हाडाचे विक्रेते. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. उद्देश सरळ धंद्याचा: एजंट आणि गिऱ्हाइकांना कारखान्याची खबर द्यायची. या खबरीचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आली, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या वादांना विषय पुरवले. नांगर विकायला काढलेल्या पत्रकातून मराठी नियतकालिकांचं एक घराणं उभं राहिलं, ते दरमहा पोस्टाने सर्वदूर पोचत असे. वस्तू सारखी असणं पुरत नाही, तिच्याविषयीचं बोलणंही सगळीकडे सारखं पोचावं लागतं, हे शंवाकिंना भारतातल्या बऱ्याच कारखानदारांच्या आधी कळलं होतं.

नेमकी हीच गोष्ट बाळासाहेबांना व्यायामाच्या बाबतीत कळली होती. त्यांची वाट मजेदार आहे. लहानपणी जोर-बैठका. मग १८९७च्या सुमारास युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचं वेड लागलं. सँडो पुस्तकं छापायचा, स्वतःची छायाचित्रं विकायचा, पोस्टाने व्यायाम शिकवायचा, त्याची साधनं विकत मिळायची. बाळासाहेबांनी ती मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. (सँडोचं नाव आपल्याकडे आता बनियनवर तेवढं उरलं आहे. सर्रास होण्याचा हाही एक प्रकार.) १९०८च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर तिथून हलले नाहीत.

पण सँडो त्यांच्यातून गेला नाही, असं माझं मत आहे. नमस्कार देशी, तो सांगण्याची रीत मात्र पूर्णपणे आधुनिक. पूर्वी नमस्कार म्हणजे उपासना किंवा नवस. कुणी रथसप्तमीला घालायचं, कुणी बारा, कुणी एकशेआठ. आखाड्यातला पैलवान घालायचा ते वेगळेच. घरोघरी रीत निराळी. बाळासाहेबांनी त्यातली एक रीत धरून ती मोजून-मापून पक्की केली. दहा अवस्था. प्रत्येकीचा आकडा ठरलेला, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा हे ठरलेलं. दुसऱ्या अवस्थेत तळहात जमिनीला टेकले की शेवटी उभं राहीपर्यंत ते जागचे हलवायचे नाहीत. पाय मागे जातील, पुढे येतील, हात खिळलेले. साष्टांगात कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे आणि दोन पायांची बोटं एवढीच आठ अंगं टेकायची, पोट नाही. जोडीला ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजं आणि सूर्याची नावं. एवढं ठरल्यावर पाचशे मुलं एका शिट्टीवर एकच नमस्कार घालू शकतात. आणि औंधच्या शाळांमध्ये घालतही होती, कारण राजेसाहेबांनी ते सक्तीचं केलं होतं. राणीसाहेबही नेमाने घालत, आणि बायकांनी नमस्कार घालावेत असा राजांचा आग्रह होता. त्या काळात हे ऐकून भुवया वर जात.

सक्तीने गोडी लागत नाही, सवय लागते. सर्रास व्हायला सवय पुरते.

एकट्या औंधात सक्ती करून काही देशभर प्रसार होणार नव्हता. त्यासाठी पुस्तकं आली, अवस्थांची छायाचित्रं आली, तक्ते आले, १९२८ साली तर नमस्काराचा चित्रपटही निघाला. त्याच वर्षी इंग्रजी पुस्तक निघालं आणि त्याच्या आवृत्त्या होत गेल्या. १९३६ साली राजेसाहेब विलायतेला गेले. तिथल्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रातल्या लुईस मॉर्गन या बाईंना हा सत्तरीकडे झुकलेला पण पन्नाशीचाही न वाटणारा राजा भलताच आवडला. त्यांनी लेख लिहिले आणि १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक निघालं. नाव बघा: दहा कलमांत आरोग्य. सँडोचा मार्केटिंगचा धडा राजाने गिरवला आणि परतफेड म्हणून लंडनलाच विकला!

दरम्यान नमस्कार देशात इतर ठिकाणीही रुजत होता. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात १९३०च्या दशकात कृष्णम्माचार्य योगाचे वर्ग घेत. तिथे सूर्यनमस्काराचा वर्ग वेगळा भरत असे, कारण तेव्हा नमस्कार योगात धरलाच जात नव्हता. तो होता व्यायाम. पुढच्या काही दशकांत दोघांमधली भिंत विरघळली. आज जगभरच्या कोणत्याही योगवर्गात सुरुवात बहुधा सूर्यनमस्काराने होते आणि तो हजारो वर्षांचा योग म्हणून शिकवला जातो. नेहमीच्या तक्त्यांवर अवस्था दहाऐवजी बारा झाल्या आहेत. ज्याची रीत मोजून पक्की केली होती ती रीतही पुढे कुणी तरी बदलतंच. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांनी भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी हिंडतानाही वडिलांची दहाचीच पद्धत जपली आणि १९७० साली तिच्यावर पुस्तक लिहिलं.

राजांच्या या पक्की रीत बसवण्याच्या हौसेची आणखी उदाहरणं आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा १९१८ साली एक लाख रुपये देण्याचं वचन याच औंधकरांनी दिलं. गावोगावच्या पोथ्यांतले पाठभेद तपासून एक संहिता ठरवायची हे ते काम, आणि ते १९६६पर्यंत चाललं. श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधात राहिले आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांच्या संहिता सर्वसामान्य माणसाला घेता येतील अशा छापल्या. लक्ष्मणराव, बाळासाहेब, शंवाकि, सातवळेकर हे सगळे या ना त्या प्रकारे चित्रकार होते. हा योगायोग असेल, पण मला तो तसा वाटत नाही. चित्र काढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: रेषेत धरलेलं दुसऱ्याच्या हातात देता येतं.

जे रेषेत धरता आलं नाही त्याचं काय झालं, तेही औंधातच पाहायला मिळतं. १९३८ साली राजांनी आपली सत्ता प्रजेला द्यायचं जाहीर केलं. गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या आणि आप्पासाहेबांच्या धडपडीने जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना आली, ग्रामपंचायतींच्या पायावर उभी. तिचं वर्णन आजही आदराने होतं. पण ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो प्रयोग तिथेच संपला. त्याला पॅटर्न नव्हता. राजा स्वतः राजीखुशीने सत्ता सोडणार ही त्याची पहिली अट होती आणि असे राजे ओतून काढता येत नाहीत.

त्याच घटनेच्या वेळी निघालेली एक छोटी गोष्ट मात्र टिकली. फ्रिडमनच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. खून-दरोड्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनी तिथे बायकामुलांसह राहायचं, शेती करायची, भिंत नाही, कुंपण नाही. असं काही करता येतं याचा पुरावा संस्थानात आधीपासून होता: किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या दिवसांत लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाच राखणदार नेमलं होतं आणि तो विश्वास फुकट गेला नव्हता. स्वतंत्रपुराची गोष्ट माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी पडद्यासाठी लिहिली आणि व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. त्या आगेमागेच खुल्या तुरुंगाची कल्पना सरकारी व्यवस्थेत शिरत होती. १९५५ साली येरवड्यात खुला तुरुंग झाला, १९६८ साली पैठणला. या यादीत औंधचा क्रमांक पहिला लागतो, पण तुरुंग सुधारणेच्या चर्चेत चित्रपटाचं नाव निघतं, संस्थानाचं निघत नाही.

औंधला जाणारे बहुतेक लोक डोंगरावर यमाईचं दर्शन घेतात, १९३८ साली बाळासाहेबांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयातली चित्रं बघतात आणि परत फिरतात. तसं करू नका. एक दिवस जास्त काढा. खाली कुंडलच्या बाजूला उतरा: ज्या कुंडल रोडवर लक्ष्मणराव उतरले त्या स्टेशनाचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि कारखान्यात पंप बनतात. मग आटपाडीकडे जा. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे.